मनगट चावणं, केस ओढणं, डोकं आपटणं : स्वमग्न मुलांसाठी बिहेवियर थेरपी घ्यावी का?

अबोली_डोंबिवली

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. मोजके शब्द बोलतो : पाणी, नको, गाडी, ताई. आपण बोललेलं बरंच समजतं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हातांची कौशल्यं शिकवणारी) आणि स्पीच थेरपी चालू आहे, फरकही पडतोय. धागा मात्र वेगळ्या कारणासाठी काढलाय.

दिवाळीपासून त्याचं स्वतःचं मनगट चावणं वाढलंय. उजव्या मनगटावर घट्टा पडलाय. मोठ्या बहिणीचे केस इतक्या जोरात ओढतो की ती आता घरातसुद्धा अंबाडा घालून बसते. संध्याकाळी कधीकधी जमिनीवर पडून डोकं आपटतो. शाळेनं तोंडी सांगून टाकलंय, शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी शिक्षिका) आणा नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा.

एका सेंटरला चौकशी केली. त्यांनी एबीए (अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस, बक्षीस आणि सरावातून वागणं बदलणारी थेरपी) सुचवलं, आठवड्याला वीस तास. फी ऐकून आम्ही दोघं गप्पच झालो. पण फीपेक्षा जास्त खटकलं ते हे, की सेशन चालू असताना पालकांना आत बसता येणार नाही, आणि ‘सुरुवातीला खूप रडेल, तुम्ही लक्ष देऊ नका’ असं आधीच सांगून ठेवलं. नेटवर वाचायला बसले तर काही जण म्हणतात याला पर्याय नाही, काही म्हणतात हा छळ आहे. सासूबाई म्हणतात एक धपाटा द्या, आमची मुलं अशीच वाढली.

ज्यांनी ही थेरपी घेतली आहे त्यांनी लिहा. खरं काय ते लिहा, धीर देणारं नको.

मीठभाकर

धपाट्याचं नंतर बघू, थेरपीचंही नंतर. आधी त्याचे दात, कान आणि पोट तपासून घ्या.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून वाढलंय. एखादं वागणं असं एकाएकी वाढलं की मला पहिली शंका दुखण्याची येते. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही तो दुसरं काय करणार? आमचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. मध्यंतरी स्वतःच्या गालावर बुक्के मारायचा. जिथे जाऊ तिथे ‘सेन्सरी आहे’, म्हणजे संवेदनांमुळे होतंय, एवढंच ऐकायला मिळायचं. तो तोंड उघडून दाखवत नाही म्हणून दातांकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं. दाढ आतून किडलेली निघाली. भूल देऊन काम करावं लागलं, पण बुक्के थांबले.

बद्धकोष्ठतेबद्दल विचारा. अपस्माराबद्दलही विचारा, ऑटिझमबरोबर फिट्स येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. झोप कशी आहे?

पुरणपोळी_दुधात

झोपेला +१. रात्री नीट झोपला नाही की आमचा दुसरा दिवस केस ओढण्यातच जातो. माझ्याकडे तर अंबाड्यासाठीही केस उरले नाहीत :)

अबोली_डोंबिवली

झोप ठीक आहे. पोटाचा त्रास आहे, दोन-तीन दिवस शी होत नाही कधीकधी. दातांकडे खरंच बघितलेलं नाही. या आठवड्यात नेते.

खडूफळा

मी स्पेशल एज्युकेटर आहे, नाशिकला काम करते. फार पुस्तकी वाटलं तर सांगा.

चावणं कसं थांबवायचं, हे सगळे विचारतात. मी आधी विचारते, चावल्यावर त्याला काय मिळतं, किंवा काय टळतं? १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. एकदा काम सांगायचं, एकदा इजा केली की ‘अरे असं करू नको’ म्हणत लक्ष द्यायचं, एकदा एकटं ठेवायचं, एकदा नुसतं खेळू द्यायचं. वरवर सारखंच दिसणारं वागणं एका मुलात एका कारणानं होत होतं, दुसऱ्यात दुसऱ्या. आज आम्ही ढोबळमानानं चार कारणं धरतो : नकोशा गोष्टीतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, आणि शरीराला मिळणारी संवेदना. दुखणं या चारांच्याही आधी तपासायचं, ते वर मीठभाकर यांनी लिहिलंच आहे.

तर एक वही करा, तीन रकान्यांची. आधी काय घडलं, त्यानं काय केलं, त्यानंतर बाकीच्यांनी काय केलं. वेळ लिहा. ‘चिडला’, ‘हट्टीपणा केला’ असं लिहू नका. ‘डाव्या हातानं केस धरले, ताई किंचाळली, आजी स्वयंपाकघरातून धावत आली’ असं लिहा. तिसरा रकाना भरताना पालकांना लाज वाटते, कारण त्यात आपण असतो. सगळ्यात उपयोगी तोच रकाना ठरतो.

कारण लक्षात आलं की त्याच कारणासाठी दुसरा रस्ता शिकवायचा. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये हे करून दाखवलं. काम अवघड झालं की आदळआपट करणाऱ्या मुलाला ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवलं, लक्षासाठी करणाऱ्याला ‘माझं काम बरोबर आहे का?’ विचारायला शिकवलं. त्रासदायक वागणं उतरलं. पण जोडी उलटी लावली, म्हणजे सुटका हवी असणाऱ्याला लक्ष मागायला शिकवलं, तेव्हा तसा फरक पडला नाही. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड, हाताची खूण, टॅबलेटवरचं बटण, काहीही चालतं. नवा रस्ता चावण्यापेक्षा सोपा आणि चटकन फळ देणारा हवा, नाहीतर तो त्याला का वापरेल?

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला मात्र सरसकट घेऊ नका. वागणं लक्षासाठी असेल तरच त्याला काही अर्थ आहे, आणि तेव्हाही सुरुवातीला वागणं वाढतं. लिफ्ट येत नसली की आपण बटण आणखी जोरात, आणखी वेळा दाबतो, तसं. डोकं आपटणारं मूल तेवढ्यात स्वतःला जखमी करून घेईल. तेव्हा आधी उशी, सतरंजी, मध्ये आपला हात. बाकीचं त्यानंतर.

न्यूजर्सीकर

आम्ही घेतली आहे, म्हणून लिहितो. इथे न्यू जर्सीत २००९ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून त्या कायद्याखालच्या विमा योजनांना ऑटिझमच्या थेरपीचा खर्च उचलावा लागतो. त्यामुळे निदानाच्या कागदाबरोबर एबीएचा कागदही हातात पडतो. आमच्या लेकीला सुरुवातीला आठवड्याला तीस तास लिहून दिले होते. चार वर्षांच्या पोरीला तीस तास! माझी ऑफिसची वेळ जवळपास तेवढीच.

घरी येणारी तंत्रज्ञ चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेली असते. तिच्यावर देखरेख करणारी खरी शिकलेली तज्ज्ञ अधूनमधून दिसते. माणसं सारखी बदलतात आणि प्रत्येक बदलाला मुलीचे काही दिवस फुकट जातात.

फायदा झाला का? झाला. शी-शू, दात घासणं, पार्किंगमध्ये हात सोडून पळणं, या तीन गोष्टी मार्गी लागल्या त्या तिथेच, आणि त्यासाठी मी त्यांचा आभारी आहे. पण पहिल्या आराखड्यात एक उद्दिष्ट होतं : ‘हात फडफडवणे शून्यावर आणणे’. मी विचारलं, हिच्या हात हलवण्यानं कुणाला इजा होते? उत्तर आलं, चारचौघांत वेगळं दिसतं. ते काढून टाकायला लावलं, आणि त्या जागी ‘नको’ हा शब्द शिकवायला सांगितलं. थेरपिस्टला ते आवडलं नाही, कारण ‘नको’ शिकल्यावर ती पहिलं ‘नको’ त्यांनाच म्हणाली.

तेव्हा नावावर जाऊ नका. उद्दिष्टांची यादी लेखी मागा आणि एकेका ओळीपुढे विचारा, हे कुणाच्या सोयीसाठी?

एकलकोंडा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान तिशी उलटल्यावर झालं, त्यामुळे लहानपणी कुठली थेरपी मिळाली नाही. मिळाला तो अबोलीताईंच्या सासूबाईंचा उपाय. धपाट्यानं मी चावणं सोडलं हे खरं आहे. त्यानंतर गालाच्या आतली कातडी चावायला लागलो, ती बाहेरून दिसत नाही. आजही चावतो.

इतिहास माहीत असावा म्हणून लिहितो. ही थेरपी ज्या नावाशी जोडली जाते ते मानसशास्त्रज्ञ लोव्हास कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात होते. त्यांचा १९८७ चा निबंध गाजला. आठवड्याला चाळीस तास थेरपी घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं ‘सर्वसाधारण’ मुलांसारखी झाली, असं त्यात म्हटलंय. त्या थेरपीत जोरात ‘नाही!’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं, हे सांगायचं मात्र पुष्कळदा राहून जातं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या संस्थेत तर मुलांच्या अंगावर विजेचे झटके देणारं यंत्र लावलं जायचं. एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी नियामकानं, २०२० मध्ये त्या वापरावर बंदी घातली, २०२१ मध्ये कोर्टानं ती रद्द केली, आणि २०२२ च्या शेवटी एफडीएला असा अधिकार देणारा कायदा बदल संसदेला करावा लागला. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे.

बाकी सेंटरं झटके देत नाहीत, मान्य. पण ‘हात खाली, शांत बस, माझ्याकडे बघ, मग चॉकलेट’ हे अजून चालतं. नजरेला नजर भिडवली की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. त्यासाठी बक्षीस देणार असाल तर मी बघेन, पण तुमचं ऐकणार नाही. आणि मोठ्या माणसानं सांगितलं की मुकाट्यानं करायचं, एवढंच ज्या मुलाला वर्षानुवर्षं शिकवलं, ते उद्या कुणी अंगाला नको तिथे हात लावला तर नाही कसं म्हणणार?

गणितमास्तर

एकलकोंडा, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण अबोलीताईंचा मुलगा डोकं आपटतोय, हात फडफडवत नाहीये. डोळ्याला इजा झाली, मेंदूला मार लागला तर? काहीतरी करावंच लागेल. आणि पुरावा सगळ्यात जास्त एबीएचाच आहे असं वाचलंय.

एकलकोंडा

डोकं आपटताना थांबवू नका असं मी कुठे म्हटलं? का आपटतोय ते विचारा एवढंच म्हणतोय. खडूफळाताईंनी तेच जास्त नीट लिहिलंय.

बालरोग_कोल्हापूर

पुराव्याबद्दल दोन शब्द, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या जात आहेत.

लहान वयात आठवड्याला वीस-चाळीस तास देऊन मुलाची बुद्धी, भाषा, सगळंच पुढे न्यायचं ही एक गोष्ट. तिच्याबद्दलचा २०१८ चा कॉक्रेन आढावा (सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा) बघा. त्यांच्या निकषांत बसणारे अभ्यास पाच, मुलं २१९, आणि पाचांपैकी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास एकच. निष्कर्ष असा, की थोडा फायदा दिसतो पण पुराव्याचा दर्जा कमी आहे. लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासातही मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. त्यामुळे ‘वीस तासांखाली उपयोगच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी जरा मागे सरकून बसेन.

मारणं, चावणं, आदळआपट यांचं कारण शोधून त्यावर काम करणं ही दुसरी गोष्ट, आणि तिला इतके तास लागत नाहीत. २०१५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांची १८० मुलं होती. अर्ध्या पालकांना २४ आठवडे वागणं हाताळण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलं, अर्ध्यांना ऑटिझमबद्दल नुसती माहिती. पालकांनीच भरलेल्या मोजपट्टीवर चिडचिड-आदळआपटीचे गुण पहिल्या गटात ४७.७ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्यात ३१.८ टक्क्यांनी. गंमत म्हणजे नुसत्या माहितीनंही बराच फरक पडला. पण प्रशिक्षण पालकांना मिळालं होतं, मुलांना एकटं बंद खोलीत नव्हे.

म्हणून अबोलीताई, पालकांना आत घेत नाहीत त्या सेंटरला माझं उत्तर नाही असंच असेल.

औषधांचं कुणीतरी विचारेलच. रिस्पेरिडोनला अमेरिकेत २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी मान्यता मिळाली. ऑटिझमवरचं औषध म्हणून नव्हे. इजा होण्याइतकं वागणं असेल आणि बाकी उपाय करूनही उतरत नसेल तर तज्ज्ञ देतात, काही मुलांना खरोखर उसंत मिळते. भूक आणि वजन वाढतं, रक्ताच्या तपासण्या लागतात. शेजाऱ्यांच्या मुलाची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका.

सुखी_माणसाचा_सदरा

आमच्या नात्यातल्या मुलाला स्टेम सेल दिले, ९० टक्के बरा झाला. हवा असेल तर विपुत, म्हणजे निरोपात, नंबर देतो.

बालरोग_कोल्हापूर

नको. नॅशनल मेडिकल कमिशननं डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही आणि त्याची जाहिरात करणं हे गैरवर्तन धरलं जाईल.

म्हापशेकर

गोव्यातून लिहितोय. सेंटर परवडत नाही, जवळ नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला होता, पास नावाचा. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये छापून आला. गोव्याची बाजू संगथ या संस्थेनं सांभाळली. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरी जायचे, आई-बाबा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांना दाखवून बोलायचे : इथे बघा, त्यानं गाडी तुमच्याकडे सरकवली, तुम्ही दुसरीकडे बघत होता. आई-बाबांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

यात मारणं-चावणं मोजायचा उद्देश नव्हता, ते आधीच सांगतो. पण मोबाइल सगळ्यांकडे आहे. आपलाच व्हिडिओ बघणं फुकट आहे, फक्त बघवत नाही.

अबोली_डोंबिवली

सगळ्यांना धन्यवाद. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक दाढ किडली आहे, पण फार खोल नाही. पोटासाठी औषध सुरू केलंय. त्यानं संध्याकाळचं डोकं आपटणं कमी झाल्यासारखं वाटतंय, मात्र इतक्यात काही म्हणत नाही.

वही केली. सासूबाईंनाच दिली लिहायला, कारण दुपारी त्याच असतात. पहिल्या दिवशी ‘उगाच ओरडला’ असं लिहिलं होतं, आता बारीक लिहितात. त्यातलं थोडं इथे देते :

संध्याकाळी सव्वासात. कुकर लावला, टीव्हीवर मालिका, ताईची मैत्रीण आलेली. कानावर हात. दुसऱ्या शिट्टीला खाली पडला, डोकं आपटलं. कुकर बंद केला, आत नेऊन पंखा लावला. दहा मिनिटांत शांत.

दुपारी चार. ताई अभ्यास करतेय. हा मागून आला, केस ओढले. ताई किंचाळली. मी धावले. हा हसला.

दुपारी पावणेपाच. तेच. ताई किंचाळली, मी रागावले, हा हसला आणि परत ओढले.

शाळेच्या बाईंनी फोनवर सांगितलेलं : लिखाणाची वही काढली की मनगट चावतो. मग इतर मुलं घाबरतात म्हणून त्याला मावशींबरोबर बाहेर पाठवतात. बाहेर नळाशी उभा राहतो, शांत असतो.

खडूफळा

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पगार घेऊन इतकं स्वच्छ न लिहिणारे लोक मला माहीत आहेत.

यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात, म्हणून एकच औषध तिन्हींना चालणार नाही.

शाळेतलं आधी घेते, कारण ते सगळ्यात उघड आहे. वही आली, चावलं, वही गेली आणि वर नळ मिळाला. बाईंना वाटतंय त्या त्याला बाहेर काढून शिक्षा करत आहेत. त्याच्या बाजूनं बघा : चावलं की लिखाणातून सुट्टी आणि पाण्याशी खेळ. मी त्याच्या जागी असते तर मीही चावलं असतं. करायचं काय, तर ‘थांबू’ असं कार्ड त्याच्या बाकावर चिकटवायचं. वही काढायच्या आधीच, चावायच्या आधीच, बाईंनी त्याचा हात धरून कार्डावर ठेवायचा... हे लिहिताना मला स्वतःलाच थांबावंसं वाटतंय. हात धरून नको. बोट दाखवून, आपण करून दाखवून. कार्डाला हात लागला की लगेच नळापाशी जाऊ द्यायचं, दोन मिनिटं, मग परत. सुरुवातीला तो दर ओळीला कार्ड दाखवेल. दाखवू द्या. ते मान्य झालं की हळूहळू ‘आधी एक ओळ, मग नळ’. आणि लिखाण इतकं नकोसं का आहे ते ओटीला विचारा. पेन्सिल धरताना बोटं दुखत असतील तर कार्ड कितीही केलं तरी मूळ दुखणं तिथेच राहील.

केसांचं : ताईची किंचाळी त्याला हवी आहे. ती मोठी आहे, खात्रीची आहे, दर वेळी मिळते, शिवाय आजीही पळत येते. त्याला ताईशी खेळायचंय आणि बोलवायचं कसं ते येत नाही. त्याच्याकडे ‘ताई’ हा शब्द आहे! तो म्हणाला की ताईनं हातातलं सोडून वळायचं, दिवसातून कितीही वेळा, निदान या महिन्यात. आणि केस धरलेच तर ओरडायचं नाही, त्याचा हात आपल्या डोक्यावर दाबून धरायचा म्हणजे ओढ बसत नाही, मग बोटं सोडवायची. आरशासमोर सराव करा, ताईला गंमत वाटेल.

कुकरचं तर उघडच आहे.

एकलकोंडा

कुकर तो शाळेतून यायच्या आधी लावा. यात थेरपी कसली? माझ्या घरी मिक्सर लावायच्या आधी मला सांगतात, मी गच्चीत जातो. कान झाकणारे हेडफोन घ्या, पण त्याला आवडले तरच, काहींना डोक्यावरचा दाब सहन होत नाही.

आणि मनगट चावण्यात सुटकेबरोबर दाबही हवा असेल. चावायला दुसरं काही द्या. जाड रबराची चावणी मिळतात, गळ्यात घालायची.

गणितमास्तर

एक शंका. कार्ड दाखवलं की सुट्टी, ‘ताई’ म्हटलं की ताई हजर. हे लाड नाहीत का? उद्या जग असं वागणार आहे का त्याच्याशी?

मीठभाकर

मास्तर, सुट्टी तर त्याला आत्ताही मिळतेच आहे, मनगट चावून. आता ती कार्डावर मिळेल.

गणितमास्तर

हे पटलं.

नंदिनी_ठाणे

अबोली, सेंटर बघायचं असेलच तर मी काय विचारते ते लिहिते. आमची दोन सेंटरं बदलून झाली. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे का, नंबर दाखवा. अमेरिकेच्या बीसीबीए (एबीए तज्ज्ञाचं) प्रमाणपत्राची पाटी असेल तर कधीची ते विचार, कारण २०२३ पासून त्या मंडळानं भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलंय. पहिल्या आठवड्यात काय करणार? ‘कामाला बसवू’ म्हणाले तर मी उठते. ‘आधी त्याच्याशी खेळू, त्याला काय आवडतं ते बघू’ म्हणाले तर पुढचं विचारते. तो रडला तर काय करता? त्यानं नको म्हटलं तर? हात-पाय धरून बसवता का? नोंदी कुठे ठेवता आणि मला दाखवता का? घरी मी काय करायचं ते कोण शिकवणार?

यातल्या कुठल्याही प्रश्नावर ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं की पर्स उचलायची.

सरकारी_कारकून

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्रपणे धरलाय. सरकारी रुग्णालयातून आयएसएए या मोजपट्टीवर तपासणी होते, ४० प्रश्न असतात, त्यावरून टक्केवारी आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). ते झालं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत करा. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचाही खर्च मिळतो. प्राप्तिकरात जुनी पद्धत घेतली असेल तर ८०डीडीखाली ७५ हजार, तीव्र असेल तर सव्वा लाख.

अबोली_डोंबिवली

कार्ड आहे, निरामय माहीत नव्हतं. करते.

शाळेत भेटून आले. वर्गाच्या बाई समजूतदार आहेत, कार्ड चिकटवायला तयार झाल्या. पहिल्या दिवशी त्यानं कार्ड फाडलं, आता लॅमिनेट केलंय. केस ओढणं आधी वाढलं, ताई दोनदा रडली, तिचा धीर सुटत चाललाय. तिच्यासाठी काय करू ते कळत नाही. काल मात्र त्यानं लांबून ‘ताई’ म्हटलं आणि ती वळेपर्यंत थांबला.

वीस तासांच्या सेंटरला नाही सांगितलं. खडूफळाताईंनी विपुत सुचवलेल्या एका बाईंकडे आठवड्यातून एकदा आम्ही दोघं शिकायला जाणार आहोत.

मुख्याध्यापिका मात्र हटत नाहीत. शॅडो टीचर तुमच्या खर्चानं, नाहीतर दाखला न्या. इतर पालकांच्या तक्रारी आहेत म्हणतात.

न्यूजर्सीकर

ताईला रोज काही वेळ असा द्या जो फक्त तिचा, दार लावून. आमच्या धाकट्यानं हे स्वतः मागितलं होतं, आम्हाला सुचलं नव्हतं.

सरकारी_कारकून

तोंडी बोलणी थांबवा. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात. कलम ३१ नुसार लक्षणीय (४० टक्के किंवा जास्त) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पत्र द्या : अमुक तारखेला तोंडी असं सांगितलं गेलं, ते लेखी द्यावं, आणि सोबत आम्ही सुचवत असलेल्या सोयी या (कार्ड, बाकाची जागा, लिखाणातली सवलत). भाषा सौम्य ठेवा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा सूर बदलतो. नाहीच बदलला तर शिक्षणाधिकारी, आणि त्यानंतर पुण्यातलं राज्य दिव्यांग आयुक्तालय.

अबोली_डोंबिवली

मसुदा आज रात्री करते आणि तुम्हाला विपुत पाठवते. इंग्रजीत द्यायचं की मराठीत? शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

सरकारी_कारकून

शाळेला इंग्रजीत द्या, मराठी प्रत शिक्षणाधिकाऱ्यांसाठी तयार ठेवा. आणि पोच घ्या, शाळेचा शिक्का आणि तारीख असलेली. शिपाई ‘ठेवा इथे’ म्हणाला तर ठेवून येऊ नका.